मधल्या खोलीतली मशीन

मशीन घरात आली तेव्हा आधी तिला जागाच सापडेना. पुढच्या खोलीत बाबांकडे माणसं यायची, मागे स्वयंपाकघर होतं, वरची खोली मी आणि पमीताई वापरायचो. अंगणाच्या कडेची कोठी बारदान्याने गच्च भरलेली. राईसमिलवाल्यांना पोती, सुतळी, ताडपत्री पुरवायचं बाबांचं दुकान होतं, आणि दुकानात मावायचं नाही ते घरी यायचं. शेवटी मधली खोली ठरली. ती खोली म्हणजे खरं तर वाटच होती, कारण पुढून मागे किंवा मागून वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यातून जावं लागायचं. तिथे शिलाई मशीन होती, ती आईने कुरकुरत जिन्याखाली सरकवली, आणि तिच्या टेबलावर दादाने आपला काळा डबा मांडला. पोत्यांचा तागाचा वास आमच्या घरात कायम असायचा. त्यात त्या दिवसापासून तापलेल्या प्लास्टिकचा वास मिसळला आणि पुढे तोही आमच्या घराचाच वास झाला.

पुण्यातली नोकरी सुटल्यावर दादा परत आला होता. चार महिने तो कोणाशी धड बोलला नाही. मग नागपूरला जाऊन कोणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला, जुना कॅबिनेट उघडून बसला, आणि एका दुपारी आम्हा सगळ्यांना बोलावून म्हणाला की आता यातलं एआय आपलं आहे, घरचं. इंटरनेट बंद केलं तरी चालतं. त्याने खरोखरच वायर काढून दाखवली. बाबांनी चष्मा लावला आणि विचारलं, "आपन यात लिहिलेलं कोनाकडे जाते?"

"कोनाकडेच नाही बाबा. कंपनीकडे नाही, सरकारकडे नाही. या डब्याच्या बाहेर एक अक्षर जात नाही."

"मंग याचा मालक कोन?"

"तुम्हीच," दादा हसून म्हणाला. आणि त्याने सगळ्यांची खाती बनवताना बाबांच्या खात्याला ॲडमिनचा हक्क दिला. मलाही दिला, कारण तो कामाला लागला की देखभाल मी करायची असं ठरलं. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला त्या हक्काचा फार अभिमान वाटला. त्याचा अर्थ काय, हे त्या खोलीत कोणीच विचारलं नाही. सहा आठवड्यांत दादाला नागपुरात काम मिळालं आणि तो गेला. मशीन राहिली.

बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांनी आम्हाला कधी हात लावला नाही. आवाज चढवलेला मला आठवत नाही. काही मनाविरुद्ध झालं की ते "समजलं" एवढंच म्हणायचे आणि ताटातला भात हळूहळू कालवत बसायचे, आणि आम्ही सगळे त्या बोटांकडे बघायचो. आजही कोणी शांतपणे "समजलं" म्हणालं की मी आधी त्याच्या बोटांकडे बघते. माझ्या सुनेला याचं हसू येतं.

मशीनला कोणी काही विचारलं की आतले पंखे जोरात फिरायचे. घरातल्या घरात मोबाईलवरूनही विचारता यायचं, पण आवाज मधल्या खोलीतूनच यायचा: आधी घुंई, मग वाढत जाणारी घरघर, उत्तर संपलं की पुन्हा शांत. म्हणजे कोण काय विचारतंय हे कळत नसलं तरी कोणीतरी विचारतंय हे सगळ्या घराला कळायचं. आई कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसन लावता लावता ओरडायची, "कोन विचारून राहिलं वं?" आणि वरून पमीताई म्हणायची, "मीच, मोठी आई, अभ्यास करून राहिली." हळूहळू गल्लीतल्या बायाही येऊ लागल्या. कोणाला अर्ज लिहून हवा, कोणाला पोराच्या शाळेचा निबंध. मग दुपारी एकेकट्या येऊ लागल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवायची, नवीन खातं काढून द्यायची आणि दादाचं वाक्य माझ्या तोंडाने सांगायची: "काकू, बिनधास्त लिहा. या डब्याच्या बाहेर जात नाही." मी दार ओढून घ्यायची. आतून बराच वेळ घरघर ऐकू यायची.

पमीताई माझी चुलत बहीण, काकाजींची थोरली. काकाजी दरेकशाजवळच्या गावी आमची धानाची शेती बघत. ती नर्सिंग शिकायला आमच्याकडे राहत होती, शेवटचं वर्ष. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, बुटकी, भराभर चालणारी, हातात नेहमी पेन. सकाळी उठून ती लाखोळीचं वरण चढवायची, तांदळाच्या पिठाच्या आयत्या घालायची आणि त्या तव्यावरून उचलता उचलता हाडांची नावं म्हणायची. तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा बरा होता, घर मोठं होतं, त्यांची एकच अट होती की सुनेने नोकरी करायची नाही. बाबांनी ती अट मान्य केली होती. पमीताईला त्यांनी ते नंतर सांगितलं.

आता मी माझ्याबद्दल सांगते, कारण हे प्रकरण त्यासाठीच लिहायला घेतलं आहे. एका दुपारी मशीन अडकली. ती नीट करायला मी ॲडमिनच्या पानावर गेले, तर डाव्या बाजूला नावांची यादी होती. आई, पमी, मंदाकाकू, गल्लीतल्या सगळ्या. एका नावावर बोट ठेवलं आणि त्या बाईने विचारलेलं सगळं उघडलं, तारीखवार, उत्तरांसकट. मी लगेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. मग ती सवयच झाली. कॉलेजातून येऊन हातपाय धुवायचे, भात खायचा, आणि आई लवंडली की वाचत बसायचं. मी कोणाला काही सांगणार नव्हते. मी स्वतःशी म्हणायची की मी नुसती वाचते, यात कोणाचं काय जातं. आईने विचारलं होतं की झोप लागत नसेल तर काय करावं, आणि खाली अजून एक ओळ लिहून अर्धी सोडली होती. ती ओळ मी इथे लिहिणार नाही. शेजारच्या मंदाकाकूंनी लिहिलं होतं की छातीत गाठ लागते, पण घरी सांगायची लाज वाटते. आणि पमीताईने रायपूरच्या एका दवाखान्याला इंग्रजीत अर्ज लिहून घेतला होता. मुलाखतीची तयारी करून घेतली होती. तिने विचारलं होतं की वयात आलेल्या मुलीला घरच्यांच्या परवानगीशिवाय होस्टेलमध्ये राहता येतं का. मुलाखत सोमवारची होती, आणि सोमवारची सकाळची गाडीही तिने लिहून ठेवली होती.

मी ते वाचलं आणि मला आनंदच झाला. तिचं गुपित मला माहीत आहे याचा आनंद. त्या आनंदाची लाज मला पुष्कळ वर्षांनी वाटली.

मग गुरुवारी जेवताना बाबा आईला म्हणाले, "उद्या मंदाबाईले डॉक्टरकडे घेऊन जा. बाई डॉक्टर पाहा. उशीर नको करू."

आई वाढता वाढता थांबली. "काऊन? काय झालं तिले? तुमाले कोन सांगतलं?"

"समजते," बाबा म्हणाले आणि भात कालवू लागले.

मी मान वर केली नाही. माझ्या पानातली वडी मी किती वेळ चावत होते कोण जाणे. मंदाकाकूंना आईने नेलं, वेळेवर उपचार झाले, त्या पुढे कित्येक वर्षं जगल्या आणि मरेपर्यंत बाबांना देवमाणूस म्हणाल्या. मी हे मुद्दाम लिहिते आहे. बाबांनी वाचून कोणाचं भलं केलंच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला वाटतं त्यांना ते सगळं सांभाळणंच वाटत होतं, जसं रोज संध्याकाळी कोठीची कडी ओढून बघणं.

शुक्रवारी दुपारी मी पहिल्यांदा बाबांचं खातं उघडलं. त्यांनी स्वतःचं असं काहीच विचारलं नव्हतं. एकेकाचं लिखाण उचलून तिथे चिकटवलं होतं आणि खाली प्रश्न. आईच्या त्या अर्ध्या ओळीखाली होतं, "ही बाई असं का म्हणते?" पमीताईचा इंग्रजी अर्ज पूर्ण चिकटवला होता आणि खाली, "याचा अर्थ मराठीत सांग." मशीनने आपल्या हिंदी वळणाच्या मराठीत अर्थ सांगितला होता, अगदी नम्रपणे. त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, "या मुलीच्या मनात काय आहे? ती जाईल का?" आणि मशीनने उत्तर दिलं होतं की होय, तिचा निर्धार पक्का दिसतो, ती बहुधा सोमवारी जाईल. पुढे कुटुंबाने काय करावं याच्या पाच सूचनाही होत्या.

तेव्हा उठून वर जायला हवं होतं. पंधरा पायऱ्या होत्या. पमीताई वरच होती, कपड्यांना इस्त्री करत होती. पण तिला "बाबा वाचतात" सांगायचं तर "तुला कसं कळलं" याचं उत्तर द्यावं लागलं असतं. शुक्रवार गेला. शनिवारी मी दोनदा जिन्यापर्यंत गेले. रविवारी तिने माझे केस विंचरून दिले आणि काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती निरोप घेत होती हे मला माहीत होतं आणि तरी मी गप्प बसले.

सोमवारी ती कॉलेजची बॅग घेऊन निघाली. आमच्या गोंदियाच्या स्टेशनवर, गाडी लागायच्या फलाटावरच्या बाकावर बाबा बसलेले होते. शेजारी काकाजी, पहिल्या गाडीने येऊन पोचलेले. बाबांनी तिच्यासाठी चहा घेऊन ठेवला होता. पमीताईने मला पुढे सांगितलं की चहा थंड झालेला होता, म्हणजे ते बरेच आधी येऊन बसले होते. "बस बेटा," ते म्हणाले. "चाय पी. मंग घरी जाऊ." गाडी आली, समोर उभी राहिली आणि गेली. ती चहा पीत होती. काकाजी जमिनीकडे बघत होते.

घरी कोणी तिला रागावलं नाही. आईने तिला गरम भात वाढला. बाबांनी तिचा मोबाईल कपाटात ठेवला, किल्ली खिशात घातली आणि फाल्गुनात होणारं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर आणलं. कॉलेजात तब्येत बरी नसल्याचा निरोप गेला. तिला मशीन मात्र वापरू दिली. "अभ्यासाचं विचारत जाय," बाबा म्हणाले. "मन रमते." तिने खुर्चीकडे पाहिलं आणि मला दिसलं की तिला काहीही कळलेलं नाही. स्टेशनवर तिला कोणी ओळखीच्याने पाहिलं असावं असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर ओल्या चादरी वाळत घालताना मी तिला सांगितलं. सगळं, माझ्या वाचण्यासकट, शुक्रवारसकट. बोलताना माझी नजर चादरीवर होती. राईसमिलचा कोंडा वाऱ्याने येऊन चादरींवर बसत होता, आणि ती तो एका हाताने झटकत राहिली.

"शुक्रवारी?" ती म्हणाली.

"हो."

"आन रविवारी मी तुये केस विंचरले."

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातातून घेतलं आणि विचारलं, "मोठेबाबा रोज वाचतात?"

"रोज. दुकानातून आले का चहाच्या आधी."

"आन जे लिहिलं ते खरंच मानतात?"

मी म्हणाले, हो. ती खाली गेली आणि थोड्याच वेळात मधल्या खोलीतून घरघर ऐकू आली.

तिने त्या दिवशी मशीनला विचारलं की सासरी पहिल्या वर्षी कसं वागावं. दुसऱ्या दिवशी, मेंदीचं कोणतं डिझाईन बुटक्या बोटांना शोभतं. मग लिहिलं की मी घरच्यांना फार दुखावलं, माफी कशी मागू. मशीनने तिला माफीची सुंदर चिठ्ठी लिहून दिली. ती तिने बाबांना दिली नाही, नुसती तिथेच राहू दिली. एकदा तिने लिहिलं की रायपूरचा विचार सोडला, पण कधी कधी नागपूरच्या मैत्रिणीची फार आठवण येते, तीच एक मला समजून घेते. त्या मैत्रिणीचा पत्ताही तिने बोलण्याच्या ओघात टाकला. मी हे सगळं वाचत होते, आणि सांगायला हरकत नाही, आठव्या-नवव्या दिवशी मलाच कळेना. मी तिला जिन्यात गाठून विचारलं, "ताई, तू खरंच तयार झाली का वं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झाले. त्यानंतर तिने मला एक शब्दही सांगितला नाही. तिच्या जागी मीही सांगितलं नसतं.

बाबांचा चेहरा दिवसागणिक सैल होत गेला. ते तिच्यासाठी बाजारातून जिलबी आणू लागले. एका संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला. दसऱ्याच्या आधी ती म्हणाली की लग्नाआधी एकदा गावच्या देवाच्या पाया पडून येते. "जाय," बाबा म्हणाले. "माय-बापाले भेट." त्यांनी स्वतः तिला गाडीत बसवून दिलं.

ती दोन दिवस गावी राहिली. तिसऱ्या सकाळी आपल्या आईकडे, म्हणजे माझ्या काकूकडे, भाकरी बांधून मागितली, शेतावर जाते म्हणाली, आणि जंगलाच्या कडेने चालत दरेकशाच्या त्या एवढ्याशा स्टेशनवर गेली. तिथे रायपूरकडची पॅसेंजर थांबते. फलाटावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बाया होत्या, बाकी कोणी नाही. दवाखान्याने मुलाखतीची नवी तारीख द्यायचं कबूल केलं होतं. ते तिने वर्गातल्या एका मैत्रिणीच्या फोनवरून ठरवलं होतं, कॉलेजचा एक कागद आणायला मी तिच्यासोबत गेले तेव्हा, माझ्या पाठीमागे. दुपारी काकाजींचा फोन आला. बाबांनी फोन ठेवला, मधल्या खोलीत जाऊन बसले आणि चहा न घेता संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. मग ते उठले आणि नागपूरला गेले.

ते तिसऱ्या दिवशी परतले, दाढी वाढलेली. त्या पत्त्यावर एक कपड्यांचं दुकान होतं. पमीताईने महिन्याभराने काकूला फोन करून आपण बरी असल्याचं सांगितलं. राहिलेली परीक्षा देऊन ती नर्स झाली, पुढे वॉर्डाची मुख्य झाली, लग्न तिने फार उशिरा आणि स्वतःच्या मनाने केलं. मला ती सणावाराला फोन करते, मुलांची चौकशी करते, तब्येतीचं विचारते. स्वतःबद्दल मला ती काही सांगत नाही. तेवढी शिक्षा मला पुरेशी आहे, आणि ती योग्य आहे असं मला वाटतं.

बाबा परतल्यानंतर आठवडाभर घरात कोणी काही विचारलं नाही. गल्लीतल्या बायांना मी काहीबाही सांगून परत पाठवत होते. मला वाटलं बाबा आता मशीन फेकून देतील. एका दुपारी मी ताक घेत होते. ते दुकानातून लवकर आले, पाय धुतले, आणि मला मधल्या खोलीत बोलावलं. यादी उघडलेली होती. माझ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं होतं. आत काहीच नव्हतं. वाचायची सवय लागल्यापासून मी एक ओळही लिहिली नव्हती आणि त्याआधीचं सगळं पुसून टाकलं होतं.

"सगळ्यायचं हाये याच्यात," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "तुया मायचं हाये. पमीचं हाये, खोटं का होईना. तुयंच काऊन नाही?"

"मले काही विचारायचं नसते बाबा."

"असं कोनी नसते बेटा."

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले. दार त्यांनी ओढून घेतलं, मी गल्लीतल्या काकूंसाठी ओढायची तसंच. मी बसले. मग लिहिलं की माझ्या बहिणीने माझ्या वडिलांना फार दुःख दिलं, त्यांना बरं वाटावं म्हणून मी काय करू. दुसऱ्या दिवशी आणखी काही लिहिलं. त्यानंतर दीड वर्ष, घराबाहेर पडेपर्यंत, मी रोज दुपारी तिथे बसून त्यांच्यासाठी एक मुलगी लिहीत राहिले. ती माझ्या वयाची होती, तिला कुठे जायचं नव्हतं, आणि बाबांना ती फार आवडायची.